उभ्या विमानाची देखभाल होते, घरी बसलेल्या वैमानिकाची कोण करणार?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्याकडे एक तरुण आला. तरुण म्हणायचे ते आमच्या वयाच्या मानाने; तो स्वतः चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. 'जयभीम काका' म्हणत बसला आणि पिशवीतून एक जाडजूड वही काढून त्याने आमच्यापुढे ठेवली. ते त्याचे लॉगबुक होते. वैमानिकाच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद त्यात असते. तारीख, विमान, कुठून कुठे, किती तास. आम्ही पाने उलटत गेलो. मुंबई-दिल्ली, दिल्ली-पाटणा, नागपूर-बंगळूर. शेवटची नोंद मार्च २०२०ची होती. त्यानंतरची सगळी पाने कोरी.

या मुलाचे वडील रेल्वेत गँगमन होते. गोंदिया जिल्ह्यातले गाव. काही शिष्यवृत्तीतून, काही वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून, काही घर गहाण ठेवून त्याने वैमानिकाचा परवाना मिळवला. एका कंपनीत सहवैमानिक म्हणून लागला. करोनाच्या वर्षी कंपनीने त्याला बिनपगारी रजेवर पाठवले आणि पुढे त्याचा करार वाढवलाच नाही. तेव्हापासून तो तालुक्याच्या गावी गणित आणि फिजिक्सचे क्लास घेतो. त्यावर घर चालते, गहाण घर सुटले, मुलगी सातवीत गेली. आता त्याने विचारले, "काका, सहा वर्षं झाली. परत जाता येईल का? की ही वही पेटीत ठेवून द्यायची?"

आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही नियम वाचले, या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या दोन-तीन माणसांना विचारले. जे समजले ते इथे मांडतो आहोत, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपल्या समाजातून पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या पेशात शिरलेल्या आणि मध्येच बाहेर फेकल्या गेलेल्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

पहिली गोष्ट म्हणजे खंड पडला म्हणून वैमानिकाची विद्या रद्द होत नाही. भारतात व्यावसायिक परवान्याची मुदत पूर्वी पाच वर्षांची होती, ती २०२३ साली नियम बदलून दहा वर्षांची केली गेली. उडवलेले तास तर कधीच पुसले जात नाहीत. अकराशे तास उडवलेला माणूस सहा वर्षांनंतरही अकराशे तासांचाच वैमानिक असतो.

पण नुसता परवाना खिशात असून कुणाला विमान उडवता येत नाही. त्या परवान्याला अनेक दोऱ्या बांधलेल्या असतात आणि प्रत्येक दोरी ताणलेली असावी लागते. पहिली दोरी वैद्यकीय तपासणीची. प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र दरवर्षी, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी नवे घ्यावे लागते. डोळे, कान, हृदय, रक्तदाब, साखर, सगळे बघितले जाते. दुसरी दोरी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे ढगात बाहेरचे काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर विमान चालवता येते की नाही याची. तिसरी दोरी विमानाच्या जातीची. एअरबस चालवणाऱ्याला उद्या बोइंगमध्ये बसता येत नाही, प्रत्येक जातीच्या विमानाचे प्रशिक्षण आणि शिक्का वेगळा. चौथी प्रावीण्य चाचणीची, ती वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये द्यायची. इंजिन बंद पडले, आग लागली, धावपट्टी दिसत नाही, अशा प्रसंगांतून परीक्षक वैमानिकाला नेतो. पाचवी दोरी ताज्या सरावाची. मागच्या ९० दिवसांत त्या विमानाची किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली नसतील, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. याखेरीज इंग्रजी संभाषणाची पातळी असते. चौथ्या पातळीचे प्रमाणपत्र तीन वर्षे, पाचव्याचे सहा वर्षे आणि सहाव्याचे कायमचे. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. त्याचा कारभार पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता, भारतीय वायुयान अधिनियम लागू झाल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आला.

एखादी दोरी तुटली तर ती पुन्हा बांधता येते. मात्र खंड जितका मोठा तितके पुन्हा घ्यायचे प्रशिक्षण मोठे. चार महिन्यांचा खंड असेल तर सिम्युलेटरचे थोडे सत्र पुरते. सहा वर्षांचा खंड असेल तर वर्गात बसण्यापासून सुरुवात करावी लागते.

हे नियम जाचक आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये इंडोनेशियात मेदान विमानतळावर एक मोठे प्रवासी विमान उतरताना धावपट्टीबाहेर गेले. सुदैवाने माणसे वाचली. तपासात निघाले की विमानाच्या वैमानिकाने मागच्या ९० दिवसांत तीन तासांहूनही कमी उड्डाण केले होते आणि सहवैमानिक तर फेब्रुवारीपासून उडालाच नव्हता. करोनाने सगळ्या जगातले वैमानिक घरी बसवले होते, त्याचा हा परिणाम.

विसरते काय आणि राहते काय, याचाही अभ्यास झालेला आहे. नासाच्या संशोधकांनी सोळा वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवून जो अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की हाताने विमान सांभाळण्याचे आणि उपकरणांवरून नजर फिरवण्याचे कौशल्य सराव कमी असला तरी बऱ्यापैकी टिकते. गंजते ते डोक्यातले काम. आपण आत्ता कुठे आहोत, पुढची पायरी कोणती, एखादे उपकरण खोटे सांगत आहे हे कसे ओळखायचे, याचा हिशेब मनात चालू ठेवणे अवघड जाते. सायकल चालवायला माणूस विसरत नाही, पण गावाच्या वाटा विसरतो, तसे हे आहे. म्हणून परतणाऱ्या वैमानिकाने सगळ्यात आधी वही, नियम आणि तपासणीच्या याद्या यांच्याकडे वळावे, असे जाणकार सांगतात. घरच्या भिंतीवर कॉकपिटचे चित्र लावून, खुर्चीत बसून, हात त्या त्या बटणाकडे नेत सगळी प्रक्रिया मोठ्याने म्हणायची, ही सवय जगभरच्या वैमानिकांना आहे. तिला पैसा लागत नाही.

इथपर्यंत सगळे ठीक आहे. परीक्षा सगळ्यांना सारखी, परीक्षक कुणाची जात विचारून इंजिन बंद करत नाही, आणि आपल्या मुलांनाही परीक्षेत सवलत नको आहे. खरा प्रश्न परीक्षेच्या दाराबाहेर आहे. त्या दारापर्यंत पोहोचण्याचे पैसे कोण भरणार?

वाचकहो, करोनाच्या काळात विमानतळांवर ओळीने उभी केलेली विमाने तुम्ही छायाचित्रांत पाहिली असतील. ती नुसती उभी नव्हती. त्यांच्या इंजिनांवर झाकणे घातलेली होती. ठरावीक दिवसांनी चाके फिरवली जात, इंजिने सुरू करून पाहिली जात. तरीही अनेक विमानांच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांत किडे-माती जाऊन बसली आणि पहिल्याच उड्डाणात वेग चुकीचा दिसू लागला. युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेला २०२० सालीच त्याबद्दल इशारा द्यावा लागला. उभे विमान बिघडते, हे प्रत्येक कंपनीला ठाऊक आहे, म्हणून ती त्यावर खर्च करते. घरी बसलेला वैमानिकही बिघडतो. त्याच्यावर मात्र कुणी छदाम खर्च करत नाही. नोकरीत असताना सहामाही चाचणीचा, सिम्युलेटरचा खर्च कंपनी उचलते. नोकरी गेली त्या दिवसापासून सगळ्या दोऱ्यांचा भार एकट्या माणसाच्या खांद्यावर येतो, आणि तोही नेमका त्याचा पगार बंद झालेला असताना.

आणि नोकऱ्या काय वैमानिकांच्या चुकीने गेल्या? किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, त्याआधी कित्येक महिने कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. ही मुंबईत वाढलेली कंपनी. तिच्या बंद पडण्याने मुंबई परिसरातील हजारो घरांत चूल मंदावली. पुन्हा सुरू होणार, पुन्हा सुरू होणार, असे ऐकत लोक थांबले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मार्च २०२० मध्ये करोनाने देशातील सगळी प्रवासी उड्डाणे थांबवली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तिलाही जानेवारी २०२५ मध्ये मोडीत काढण्याचा आदेश झाला. बारा-तेरा वर्षांत इतके हादरे. वैमानिकाच्या बायोडेटात पडलेला खड्डा दिसतो, तो कुणी खणला हे त्यात लिहिलेले नसते.

या खड्ड्यातून बाहेर कोण आले? ज्याच्या घरी आधीपासून चार पैसे होते, ज्याचा काका किंवा मामा याच क्षेत्रात होता, ज्याला परदेशातल्या कंपन्यांचे दार कोण उघडते हे माहीत होते, तो आला. त्याने स्वतःच्या पैशाने सिम्युलेटरचे तास घेतले, वैद्यकीय प्रमाणपत्र एक दिवसही संपू दिले नाही. ज्याच्या वडिलांनी निधी रिकामा करून पहिला परवाना मिळवून दिला होता, त्याच्याकडे दुसऱ्यांदा रिकामे करायला काही उरले नव्हते. गुणवत्ता दोघांची सारखी होती. एकाकडे वाट बघण्याची ऐपत होती, दुसऱ्याकडे ती नव्हती. वाट बघता येणे ही देखील एक मालमत्ता असते, आणि ती पिढ्यानपिढ्या साठते.

खंडाचा दुसरा मोठा वर्ग स्त्रियांचा. आपल्या देशात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितले जाते, जगात ते सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता-सिलचर मार्गावर फक्त स्त्रियांनी चालवलेले विमान उडाले, त्याच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. पण अभिमानाबरोबर हिशेबही मांडला पाहिजे. गर्भारपणात ठरावीक काळ उडता येत नाही, त्यानंतर २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे २६ आठवड्यांची प्रसूती रजा. एवढ्यात ९० दिवसांची दोरी तुटतेच, सहामाही चाचणीही उलटते. नोकरी कायम असेल तर कंपनी पुन्हा प्रशिक्षण देते. करारावर असेल, किंवा मूल लहान म्हणून दोन-तीन वर्षे थांबली असेल, तर तिची गत आमच्या त्या पाहुण्यासारखीच होते. मूल वाढवल्याचा दंड म्हणून तिला लाखांची फी स्वतः भरावी लागते.

आता सरकारकडे वळू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात धरलेला आहे. ही सोय आहे म्हणून गँगमनचा मुलगा कॉकपिटपर्यंत जाण्याचे स्वप्न तरी पाहू शकतो. पण ही शिडी फक्त वर चढण्यासाठी आहे. चढलेला माणूस कंपनी बुडाल्यामुळे खाली पडला, तर त्याला पुन्हा चढण्यासाठी कोणतीही शिडी नाही. सरकारने लाखो रुपये खर्चून जो वैमानिक घडवला, तो पुढच्या थोड्या लाखांअभावी क्लास घेत बसतो. सरकारी पैशाची याहून मोठी उधळपट्टी कोणती?

आमच्या वाचकांना आम्ही एका खंडाची आठवण करून देतो. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बुद्धी तीच होती, विद्यापीठ तेच होते, संपला होता तो पैसा. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी दिली होती. त्या परवानगीच्या जोरावर ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊनच आले आणि डी.एस्सी.ही मिळवली. यात तीन गोष्टी आहेत. परतीचे दार उघडे ठेवणारी संस्था, मदत करणारे हात आणि स्वतः दमडी दमडी साठवणारा माणूस. आज तिसरा आमच्यासमोर बसला होता. पहिल्या दोघांचा पत्ता नव्हता.

मागणी काय करायची, ते म्हणून स्पष्ट आहे. ज्यांना शिष्यवृत्तीवर वैमानिक केले, त्यांची नोकरी कंपनी बंद पडल्याने किंवा कपातीने गेली, तर परवाना पुन्हा चालू करण्याचा खर्च त्याच योजनेतून, निदान बिनव्याजी कर्ज म्हणून मिळाला पाहिजे. मागासवर्गीय वित्त महामंडळांनी दुकान आणि रिक्षा यांच्यापलीकडे बघून सिम्युलेटरच्या तासांसाठी कर्ज द्यावे. पगार सुरू झाला की ते फिटायला वेळ लागत नाही. आणि विमान कंपन्यांनी भरतीच्या जाहिरातीत 'नुकताच सराव असलेलेच अर्ज करा' अशी अट घालण्याऐवजी परतणाऱ्यांसाठी वेगळी तुकडी ठेवावी.

कंपन्या म्हणतील, आम्हाला गरज काय? गरज आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घालणारे नियम आधीच जाहीर झालेले होते, पण त्यासाठी लागणारे मनुष्यबळ उभे केले गेले नव्हते. विमानतळांवर बॅगांचे ढीग पडले, लग्नाची वऱ्हाडे अडकली. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनीच २०२५ साली सांगितले की येत्या पंधरा ते वीस वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थेची घोषणा एअर इंडियाने २०२४ साली केली. नवे घडवा, आनंद आहे. पण अकराशे तास उडवून घरी बसलेला माणूस तयार करायला कोऱ्या मुलापेक्षा कमी वेळ लागतो, हे गणित आमच्यासारख्या अडाण्यालाही कळते.

दार न्यायालयातूनही उघडते, हेही विसरू नये. एअर इंडियाने ऑगस्ट २०२० मध्ये चाळीसहून अधिक वैमानिकांना, त्यांनी मागे घेतलेले जुने राजीनामे पुढे करून, कामावरून काढले. जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. ज्यांच्याकडे कागद होते आणि जे एकत्र उभे राहिले, ते परतले. एकेकटे घरी गेले, ते घरीच राहिले.

ज्यांना परतायचे आहे त्यांच्यासाठी जाणकारांनी सांगितलेला क्रम इथे देतो. सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी करा. त्यात काही निघाले तर पुढचे लाखभर रुपये तरी वाचतात. मग लॉगबुक आणि प्रमाणपत्रे महासंचालनालयाच्या नोंदींशी ताडून पाहा, काय संपले आणि काय चालू आहे याची यादी करा. तिसरे, पुस्तके आणि प्रक्रिया. सिम्युलेटरचे तास सगळ्यात शेवटी घ्या; मुलाखतीची तारीख हाती नसताना घेतलेला महागडा सराव पुन्हा शिळा होतो. 'नोकरी लावून देतो' म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. मुलाखतीत खंडाबद्दल विचारतीलच, तेव्हा खरे सांगा. क्लास घेऊन घर चालवले, यात लाजण्यासारखे काय आहे? आणि मन तयार ठेवा. ज्येष्ठता पुन्हा तळापासून सुरू होते. दहा वर्षांनी लहान कप्तानाच्या उजवीकडे बसावे लागेल, त्याचे ऐकावे लागेल. प्रवासी विमानातला वैमानिक ६५ व्या वर्षापर्यंत उडू शकतो. चाळिशीतल्या माणसापुढे अजून पंचवीस वर्षे आहेत. एवढ्या वर्षांसाठी एक-दोन वर्षांचा कमीपणा सोसायला हरकत नाही.

आमच्या त्या पाहुण्याला आम्ही हेच सांगितले. परवा त्याचा फोन आला. वैद्यकीय तपासणीत तो पास झाला आहे. चष्म्याचा नंबर बदलला, बाकी सगळे ठीक. क्लासच्या खोलीत फळ्याशेजारी त्याने कॉकपिटचे चित्र लावले आहे. रात्री पोरे गेली की सातवीतली मुलगी हातात यादी धरून एकेक ओळ वाचते आणि तो उत्तर देतो. चुकला की ती 'बाबा, परत' म्हणते. सिम्युलेटरच्या फीचे काय, असे आम्ही विचारले. थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "बघू काका. या वेळी घर गहाण नाही ठेवणार."

त्याने ते ठेवू नये, असे आम्हालाही वाटते. एका घराने हे ओझे दोनदा उचलायचे नसते. आता सरकारने, विमान कंपन्यांनी आणि नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या समाजबांधवांनी ते उचलावे. आपल्या गावात, आपल्या नात्यात असे लॉगबुक पेटीत पडले असेल, तर वाचकांनी ते बाहेर काढायला सांगावे. पुढची पाने अजून कोरी आहेत.